पट्टी सोडण्याआधी

मॅडमनी रिपोर्टवर सही करणं का सोडलं, हे नौपाड्यात अजून लोक मला विचारतात. कोणी म्हणतं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, कोणी म्हणतं हात थरथरायला लागलेला. एका बाईने तर मला भाजीच्या गाडीपाशी थांबवून सांगितलं की मॅडम अमेरिकेला मुलाकडे गेल्या. मॅडमना मूलबाळ नव्हतंच. नवरा लवकर गेला, होती ती फक्त आई. मी ऐकून घ्यायचे आणि गप्प बसायचे, कारण माझी जीभ एकदा सुटली की आवरत नाही. पण मागच्या महिन्यात मॅडमच म्हणाल्या, "सांगून टाक की. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" म्हणून सांगते.

मॅडमची पॅथॉलॉजी लॅब तिथेच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. मी रक्त घ्यायच्या नोकरीसाठी इंटरव्ह्यूला गेलेले तेव्हा सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून बसलेले. मॅडमनी फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रॉवरमधून शाळेत असते तशी लाकडी फूटपट्टी काढली, माझ्यासमोर उभी धरली आणि म्हणाल्या, "अंगठा आणि बोट पुढे कर. पट्टीला लावू नकोस, नुसतं दोन्ही बाजूंना ठेव. मी सोडली की पकड."

मला वाटलं, बाईचा स्क्रू ढिला आहे. पण नोकरी हवी होती. पट्टी सुटली, मी पकडली. मॅडमनी चष्मा वर करून बोटं कुठे बसलीत ते बघितलं आणि म्हणाल्या, "झोप बरी होते तुझी. उद्यापासून ये."

नंतर कळलं की हे रोजचंच आहे. सकाळी पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी सगळ्या स्टाफने ओळीने उभं राहायचं आणि मॅडमनी प्रत्येकासमोर पट्टी सोडायची. डोकं ताजं असेल तर पट्टी लगेच धरली जाते, बोटं खालच्या आकड्यांवरच बसतात. झोप झाली नसेल तर ती सरकत जाते आणि बोटं वरच्या आकड्यांवर येतात. पट्टीवर एका जागी लाल पेनाची रेघ होती. त्या रेघेच्या वर गेलात की त्या दिवशी सुईला हात लावायचा नाही आणि मायक्रोस्कोपला तर नाहीच. मॅडम दोनच शब्द बोलायच्या, "जा, झोप." मागच्या खोलीत एक कॉट होती, रक्त देताना चक्कर आलेल्यांना आडवं करायला. त्यावर पेशंटपेक्षा आम्हीच जास्त झोपलोय.

बाहेर बसलेल्या लोकांना आतलं अर्धवट दिसायचं. एका आजोबांनी मला हळूच विचारलेलं, "काय हो, तुमच्या डॉक्टर पट्टीने मारतात का?"

ठरलेल्या दिवशी डोंबिवलीहून एक तरुण डॉक्टर यायचे, मॅडमच्या हाताखाली स्लाइड्स बघायला. त्यांना या प्रकाराचं हसू यायचं. "मॅडम, पट्टीवरून काय ठरतं? कडक चहा प्यायला की कोणीही पकडेल."

"चहाने बोटं जागी होतात डॉक्टर," मॅडम म्हणायच्या, "डोकं नाही. आणि ज्याची बोटंसुद्धा जागी नाहीत त्याच्या डोक्याचं तर विचारूच नका."

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक फोटो होता. काळ्या कागदावर नारिंगी रंगाचा एक गोळा आणि त्याला मागे लांब धुरकट शेपटी. देवाच्या तसबिरीच्या जागी हे काय, असं वाटायचं. मी एकदा विचारलं, "मॅडम, हा धूमकेतू का?"

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

त्या शिकत असताना त्यांच्या विभागात रात्रपाळीच्या डॉक्टरांचं रक्त घेऊन तपासायचे. मॅडम स्वतः सलग जागरणं करून आलेल्या, तर कोणीतरी म्हणालं, तुझंच दे. फोटोतला गोळा म्हणजे त्यांच्याच रक्तातली एक पेशी. पेशीतला डीएनए म्हणजे गुंडाळलेला धागा, त्यांनी मला समजावलेलं. धागा शाबूत असेल तर वीज लावल्यावरही गोळा गोळाच राहतो. धागा जागोजागी तुटलेला असेल तर तुकडे बाहेर वाहत जातात आणि त्यांची अशी शेपटी दिसते.

"बाप रे! म्हणजे जागरणाने माणूस आतून तुटतो?"

"तुटतो तर रोजच. उन्हाने तुटतो, धुराने तुटतो, नुसता जगला तरी तुटतो. शरीर रोज सांधत बसतं. सांधायला निवांत वेळ लागतो, आणि तो आपण देत नाही. वर काळजी असली की आणखी कठीण." मग बोट वर करून म्हणाल्या, "आणि हे बघ, एका फोटोवरून काही सिद्ध होत नाही. हा फक्त मला लाज वाटावी म्हणून लावलाय."

हे त्यांचं खास होतं. झोपेवर बोलायला लागल्या की कीर्तनकारासारख्या रंगायच्या, पण जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायच्या. एकदा एक कॉम्प्युटरवाला मुलगा आला, घोडबंदर रोडला मोठ्या कंपनीत होता. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. म्हणाला, "मॅडम, मी मोबाइलवर वाचलं, स्ट्रेसमुळे डीएनए डॅमेज होतो. ती टेस्ट किती दिवसांत मिळते?"

"ती इथे होत नाही. आणि होत असती तरी तुझी केली नसती."

"का?"

"रिपोर्ट बघून तुझी होती ती झोपही उडाली असती." त्यांनी पट्टी काढली. पट्टी त्याच्या बोटांमधून सरळ खाली गेली. तो ओशाळून हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बाइकवर आलास ना? किल्ली इथे ठेव. रिक्षाने घरी जा, झोप, आणि संध्याकाळी येऊन गाडी ने." मुलगा किल्ली ठेवून खरंच गेला. मॅडमच्या आवाजात असं काही असायचं की माणूस वाद घालायचा विसरायचा.

मी मात्र वाद घातलेला. माझी मुलगी झाली, रजा संपवून मी परत आले आणि पहिल्याच सकाळी रेघेच्या वर गेले. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मॅडम "जा, झोप" म्हणाल्या आणि माझा पारा चढला. "मॅडम, मी काम करायला येते की झोपायला? लहान बाळ आहे घरात. कुठल्या बाईची झोप होते?"

"कुठल्याच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून काय तू कोणाच्या दंडात आंधळी सुई खुपसणार?"

मी रडत रडत कॉटवर जाऊन पडले. शैलाताई चादर घेऊन आल्या. शैलाताई म्हणजे आमच्या रिसेप्शनला बसणाऱ्या, कळव्याच्या जुन्या गावातल्या. त्यांचे आजोबा मिठागरावर कामाला होते, आवाज अजून तसाच मोकळ्यावरचा. "झोप गो बाय," त्या म्हणाल्या. "माझा सासरा आजारी होता तेव्हा मी पण इथेच झोपायची. लाज कसली?"

त्या रविवारी दुपारी आमच्या कळव्याच्या घराची बेल वाजली. दारात मॅडम, हातात पर्स, पर्समधून डोकावणारी पट्टी. माझा नवरा बनियनवर. मॅडमनी चहा नको म्हटलं, त्याला उभं केलं आणि पट्टी सोडली. त्याने ती अशी टपकन धरली की स्वतःवरच खूश झाला.

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "तुझी झोप अगदी छान होते. लाज नाही वाटत?"

सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. त्या रात्रीपासून पहाटेचं दूध नवरा पाजायला लागला. माझी नोकरी टिकली ती त्या पट्टीमुळे. हे मी आधी सांगते, कारण पुढे जे मी केलं ते वाचून कोणी मला कृतघ्न म्हणू नये.

तर नियम सगळ्यांना सारखा होता. मॅडमनाही. सगळ्यांचं झालं की त्या पट्टी शैलाताईंच्या हातात द्यायच्या आणि स्वतः बोटं पुढे करायच्या. शैलाताई सोडायच्या, मॅडम रेघेच्या खालीच धरायच्या. मगच मायक्रोस्कोपवरचं कव्हर निघायचं. गाठीतून सुईने काढलेल्या पाण्याच्या स्लाइड्स, कापून आलेल्या तुकड्यांच्या स्लाइड्स, कॅन्सर आहे की नाही हे ज्यावरून ठरतं त्या सगळ्यांवर शेवटची सही मॅडमची. आजूबाजूचे सर्जन ती सही बघून चाकू उचलायचे.

मग त्यांच्या आईंचं सुरू झालं. आजी जन्मभर शाळेत शिकवत आलेल्या, ताठ कण्याच्या. आधी नावं विसरायला लागल्या, मग माणसं, मग दिवस आणि रात्र. दिवसा डुलक्या काढायच्या आणि अंधार पडला की पिशवी भरून दारात उभ्या. "मला शहाडला घरी जायचंय. नदीवर कपडे वाळत घातलेत." शहाडचं घर विकून जमाना झाला होता. रात्री बाई ठेवली तर आजी तिला बघून किंचाळायच्या. एकीच्या तर हाताला चावल्या. मग मॅडमच बसायला लागल्या. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आजी मॅडमनाच ओळखेनात. शेजाऱ्यांना सांगायच्या, "ही बाई कोण आहे बघा हो, मला घरी जाऊ देत नाही."

मॅडमनी हे आम्हाला सांगितलं नाही. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकू शुगर तपासायला आल्या तेव्हा कळलं. मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही कोणाला तरी बोलवा ना. आम्ही येऊ."

"सकाळी पट्टी धरते ना मी?" त्या म्हणाल्या. "मग झालं तर."

आणि खरंच धरत होत्या. मला नवल वाटायचं. चेहरा ओढलेला, मला शैला म्हणून हाक मारायच्या, रिकामा ग्लास घेऊन पाण्याच्या नळापाशी नुसत्या उभ्या राहायच्या. पण सकाळी पट्टी मात्र बरोबर रेघेच्या खाली. डोंबिवलीचे डॉक्टर मला म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना, या पट्टीत काही अर्थ नाही." मलाही तसंच वाटायला लागलेलं.

एका संध्याकाळी शैलाताई पर्स आवरता आवरता म्हणाल्या, "उद्या मी नाही गो. भाच्याची हळद आहे. मॅडमची पट्टी तू सोड." मग जवळ येऊन आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येतो हे मला त्या दिवशीच कळलं. "आणि ऐक. सोडायच्या आधी जरा 'हं' कर. मोठ्यांदा नको, नुसतं श्वास घेतल्यासारखं. म्हणजे त्यांना पकडता येते."

"शैलाताई! कधीपासून?"

"झाले असतील दीडेक महिने. त्यांना पण माहीत नाय. हात आपोआप मिटतो." त्यांचे डोळे भरून आलेले. "अगो, दिवसभर ही लॅब आन रात्रभर ती म्हातारी. हेच एक आहे तिच्या जीवाला. तेवढं पण काढून घ्यायचं का एका लाकडाच्या पट्टीवरून?"

शैलाताईंना मी वाईट म्हणू शकत नाही, आजही नाही. मायेपोटी केलं त्यांनी. मी असते तरी कदाचित केलं असतं.

सकाळी लॅबमध्ये आले तर बाकावर एक मुलगी बसलेली, जेमतेम माझ्या वयाची. छातीतल्या गाठीचं सॅम्पल दिलेलं, रिपोर्ट घ्यायला आलेली. नवरा शेजारी, मांडीवर लहान पोरगं. तिची स्लाइड आत ट्रेमध्ये पहिलीच होती. ती मला बघून हसली, उगाचच, भीती वाटली की माणसं हसतात तशी.

आमचं सगळ्यांचं झालं. मॅडमनी पट्टी माझ्या हातात दिली आणि बोटं पुढे केली. त्यांची बोटं मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. नुसता एक श्वास, कोणालाच कळलं नसतं. मॅडमनी माझं घर सावरलेलं, आणि मी त्यांच्यासाठी एवढंही करू नये? पण बाकावरच्या त्या मुलीचं हसू डोळ्यांपुढून हलेना. मॅडम असत्या माझ्या जागी तर त्यांनी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेच तर वाईट होतं.

मी श्वास धरून ठेवला आणि पट्टी सोडली.

पट्टी मॅडमच्या बोटांमधून गेली आणि फरशीवर आपटली. बोटं तशीच उघडी राहिलेली. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." मी पुन्हा सोडली. पुन्हा फरशीवर.

त्यांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू त्यांना काहीतरी उमगत गेलं. "शैला सोडायच्या आधी काहीतरी करते," त्या म्हणाल्या. "आवाज करते. हो ना?"

मी मान हलवली. माझे डोळे वाहायला लागलेले.

"आणि तुलाही सांगितलं असेल."

"हो."

"मग म्हण," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला काय म्हणते ते म्हण."

"मॅडम, नको ना."

"म्हण."

"जा..." मी म्हटलं, आणि जीभ अडखळली. "मॅडम, जा. झोपा."

त्यांनी मान डोलावली, एखाद्या शहाण्या विद्यार्थिनीला डोलवावी तशी. डोंबिवलीच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. बाहेर जाऊन त्या मुलीशी स्वतः बोलल्या, "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल. आज दुसरे डॉक्टर बघतील, माझी तब्येत ठीक नाही." तिची गाठ साधी निघाली, हे मी इथेच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायचा. मग मॅडम मागच्या खोलीत गेल्या आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडल्या.

पण तेवढ्यावर त्या थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शैलाताईंना एकच विचारलं, "कधीपासून?" आणि तेव्हापासूनच्या सगळ्या स्लाइड्स कपाटातून काढायला लावल्या. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी त्या पुन्हा बघायच्या, मॅडमचा रिपोर्ट न वाचता. शैलाताई कोपऱ्यात बसून रडत होत्या. मॅडम त्यांच्यावर एका शब्दाने रागावल्या नाहीत, तेच शैलाताईंना जास्त लागलं.

सगळं जुळलं, एक सोडून. कळव्याच्या एका बाईंच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट मॅडमनी साधा म्हणून दिलेला. डॉक्टर म्हणाले, मला शंका आहे, परत सॅम्पल घेऊया. त्या बाईंकडे मॅडम स्वतः गेल्या, मी सोबत होते. मॅडमनी हात जोडले. बाई बिचाऱ्या घाबरून पाणी आणायला पळाल्या.

नवं सॅम्पलही साधंच निघालं. डॉक्टर खूश होऊन आले. "मॅडम, तुमचंच बरोबर होतं! म्हणजे एकही चूक नाही. उगाच मनाला लावून घेतलंत."

मॅडमनी ती जुनी स्लाइड उजेडाला धरली.

"बरोबर होतं, खरंय," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टर, ही स्लाइड मी कधी बघितली, हे मला आठवतच नाही. सही माझी आहे, निदान माझं आहे. मी तिथे नव्हते."

त्या दिवसापासून मॅडमनी रिपोर्टवर सही केली नाही. आजी पुढे फार दिवस राहिल्या नाहीत. त्यानंतर मॅडमची झोप हळूहळू जागेवर आली, पट्टीही रेघेच्या खाली आली. तरीसुद्धा नाही. "पट्टीने एवढंच कळतं की आज जागी आहे," म्हणायच्या, "तेव्हा मी जागी नव्हते हे मला कळलं नाही, त्याचं काय?" आता त्या फक्त शिकवायला येतात. सकाळी पट्टी सोडतात डोंबिवलीचे डॉक्टर. एके काळी हसायचे ते, आता कोणाची गय करत नाहीत.

पण मला मॅडम आठवतात त्या या सगळ्यातल्या नाहीत. तो प्रकार झाल्यावर मी आणि शैलाताईंनी त्यांना न विचारता पाळ्या लावल्या. दुपारी रक्त घ्यायचं काम संपलं की आमच्यातली एक मॅडमच्या घरी जाऊन आजींजवळ बसायची, म्हणजे मॅडमना झोपता येईल. मॅडमनी आढेवेढे घेतले, तेव्हा शैलाताई मॅडमचेच शब्द आपल्या मोकळ्यावरच्या आवाजात गरजल्या, "जा, झोप!" मॅडम झोपायला गेल्या.

पहिल्या दुपारी माझी पाळी होती. आजींनी मला चारदा विचारलं, तू कोण. मग त्यांना पिशवी आठवली. साडी, टॉवेल, कंगवा भरून त्या दाराकडे निघाल्या. "चल, मला शहाडला सोड. कपडे भिजतील. ती बाई उठायच्या आत जाऊ." वाटेत आतली खोली लागत होती. दार उघडं होतं. मॅडम पालथ्या झोपल्या होत्या, चष्मा तसाच डोळ्यांवर, तोंड किंचित उघडं, एक पाय पलंगाबाहेर. आजी दारातच थबकल्या. आता या आत जाणार, किंचाळणार, मॅडम उठणार, या भीतीने मी मागून ओरडले, "आजी, इकडे या!"

आजी गर्रकन वळल्या. ओठांवर बोट, डोळे असे वटारलेले की वर्गातली सगळी पोरं गप्प झाली असती.

"हळू बोल गं," त्या कुजबुजल्या. "माझी पोर आत्ता कुठे झोपलीय."

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर राखण करत बसल्या. मी पण त्यांच्या शेजारी बसले. मॅडम उठेपर्यंत त्यांनी शहाडचं नाव काढलं नाही.